एक्केचाळीस नंबरचं टोकन

ही गोष्ट मला वेंकोबामामांनी स्वतः सांगितली. तीही एकदाच. खोटं रचायला जो उत्साह लागतो, तो मामांकडे मुळीच नव्हता. त्यामुळे मी ती खरी मानतो. तुम्ही तुमचं ठरवा.

साल १९५९. मद्रासजवळचं पल्लावरम. डिसेंबर सरत आला होता. संध्याकाळचे सहा वीस.

स्टेशनसमोरच्या बाजारात तेव्हा सायकली, जटके म्हणजे घोड्यांचे टांगे, आणि बैलगाड्या यांची अशी खिचडी व्हायची की पाय ठेवायला जागा नसे. म्हणून पंचायतीने झावळ्यांचा मांडव घालून सायकल स्टँड काढला आणि मामांना तिथे बसवलं. तंजावरहून आलेला, कडक शिस्तीचा माणूस. सायकल ठेवली की पत्र्याचं टोकन मिळायचं. त्याच नंबरचं दुसरं टोकन हँडलला लटकायचं. टोकन द्या, सायकल घ्या.

महिन्याभरापूर्वी एक भामटा रडून-भेकून टोकनाशिवाय सायकल घेऊन गेला होता. खऱ्या मालकाने भर बाजारात मामांची अब्रू काढली. पंचायतीने बजावलं, पुन्हा असं झालं तर घरी बसा.

त्या संध्याकाळी गाडी आली. सगळे आपापल्या सायकली घेऊन गेले.

एकच उरली. नंबर एक्केचाळीस.

ती जयतीर्थची. कचेरीतला तरुण कारकून, रोजचं गिऱ्हाईक. तो धापा टाकत आला…

"राव, टोकन कोठे हरपलं कळेना. घरीं कनकाला कळा लागल्यात. सायकल द्या हो!"

"टोकन नाही, तर सायकल नाही."

"राव, तुम्ही मज रोज पाहता!"

"मागचाही असाच रडला होता."

जयतीर्थने हात जोडले. मग वळला.

सायकल असती तर तो रस्त्याने, फाटकावरून गेला असता. पायी निघाला, म्हणून त्याने जवळची वाट धरली. रुळांवरची.

मामांना शिट्टी ऐकू आली. मग गाडी थांबल्याचा आवाज… जिथे थांबायला नको होती, तिथे.

कनकाला त्याच रात्री मुलगी झाली. जयतीर्थच्या खिशात टोकन सापडलं नाही. मामांना कोणी बोल लावला नाही. मामांना रडूही आलं नाही. "आतून बधिर झालो रे," ते मला म्हणाले, "बस्."

चौदाव्या दिवशी जयतीर्थचा मेव्हणा सायकल घेऊन गेला.

त्याच संध्याकाळी सहा वीसची गाडी आली. घंट्या, गडबड, सगळे गेले. मांडव रिकामा झाला.

टेबलावर एक टोकन जास्त होतं…

एक्केचाळीस.

पत्रा गार पडला होता. कडेला काळं ग्रीस लागलं होतं.

मामांनी ते खणात टाकलं. दुसऱ्या दिवशी, तीच वेळ. टोकन पुन्हा टेबलावर.

तिसऱ्या दिवशीही.

टोकन आलं होतं. सायकल द्यायला हवी होती. मामांना दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी स्वतःची सायकल एक्केचाळीसच्या जागी लावली आणि पाठ फिरवली.

ट्रिंग…

वळून पाहिलं तर जागा रिकामी.

सकाळी सायकल परत तिथेच. चाकांना ओली माती.

तेव्हापासून मामा रोज क्रोमपेटपर्यंत पायी घरी जायला लागले. भवानीमामी चिडवायच्या, "सायकलींचा राजा, आणि चालतोय पायी!" मामींचं काळीज आधीच कमजोर. त्यांना काय सांगणार?

चौदा महिने असेच गेले.

मग एका संध्याकाळी शेजारचे नारायणस्वामी धावत स्टेशनवर आले. "वेंकोबा, भवानीला श्वास लागलाय! तुम्ही निघा. मी तिच्या भावास आणायला मांबलमला जातो." आणि ते समोरून येणाऱ्या गाडीत चढले.

सहा वीसची गाडीही आलेली. मामांनी सगळ्यांच्या सायकली दिल्या. जटकेही भरून निघून गेले. मामांनी आपली सायकल ओढली. हात हँडलवर होता…

टेबलावर टोकन होतं.

मामी घरी गुदमरत होत्या. सायकल मामांची स्वतःची होती. कोणी पाहत नव्हतं. मामा किती वेळ उभे होते, त्यांनाच आठवत नव्हतं.

"एकदा अडवलं होतं त्याला," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा अडवायची छाती झाली नाही."

त्यांनी सायकल एक्केचाळीसच्या जागी लावली. टोकन खणात टाकून खणाला कुलूप घातलं. आणि धावत सुटले.

घरी पोचायला पाऊण तास लागला.

दारात त्यांची सायकल उभी होती.

आत नारायणस्वामींची बायको कामाक्षी मामींच्या उशाशी बसली होती. मामांना पाहून ती दचकली.

"आत्ता येताय? मग मघाशी कोण आलं होतं?"

"मघाशी?"

"अर्धा तास झाला. दारात सायकलची घंटी वाजली. भवानीअक्का हसली. म्हणाली, 'आले ते.' मी दार उघडायला उठले, तर दार उघडंच होतं. कोण्ही नाही. वळून पाहिलं तर अक्काने हात पुढे केलेला… कोणीतरी तो धरल्यासारखा. तशीच गेली."

मामींची उजवी मूठ घट्ट मिटलेली होती. मामांनी एकेक बोट सोडवलं.

आत टोकन होतं.

एक्केचाळीस.

त्यानंतर ते टेबलावर कधी आलं नाही. मामा मात्र त्या सायकलवर पुन्हा बसले नाहीत. जयतीर्थ त्यांच्यासाठी धावला होता की त्यांचा हिशेब चुकता करायला, हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. मामी हसत गेल्या, एवढंच ते सारखं म्हणायचे. पण ते हसू त्यांच्या वाट्याचं होतं, आणि पाहायला ते तिथे नव्हते.

जायच्या आधी मामांनी ते टोकन माझ्या हातात दिलं. मी नको म्हणू शकलो नाही.

अजून माझ्याकडे आहे. लोखंडी पेटीत, तळाशी.

टोकन ज्याच्या हाती, त्याचं काहीतरी तिथे ठेवलेलं असतं, हा मामांचा नियम. पल्लावरमला आता तो मांडव नाही. तरी सहा वीसला मी त्या स्टेशनवर उतरत नाही.