झरोखेवालीचा दुजोरा

"ही खुर्ची माझी आहे, बाई."

विनता गजभियेने मान वर केली. तीनचा शो सुरू व्हायला पाच मिनिटं होती, बाल्कनीत जेमतेम अकरा माणसं होती, आणि हा शेलाटा तरुण सगळ्या रिकाम्या खुर्च्या सोडून नेमकी तिचीच मागत होता.

"सारी बाल्कनी खाली पडली आहे जी. कुठेही बसा ना."

"खाली पडली आहे, तेच तर पाहायचं आहे मला," तो म्हणाला. "इथून सगळं थिएटर दिसते."

तो रत्नाकर ढोके. अमरावतीच्या एका वितरण कंपनीचा प्रतिनिधी. फिल्मच्या पेटीबरोबर गावोगाव जायचं, तिथल्या लॉजवर राहायचं, रोज सगळे शो पाहायचे, आणि लोक किती आले, कुठे हसले, कुठे उठून गेले ते कंपनीला कळवायचं, अशी त्याची नोकरी. पिक्चर उतरला की पेटीसकट पुढच्या गावी. सन एकसष्टच्या थंडीत त्याच्या पेटीत जो पिक्चर होता, त्यात नाव घेण्याजोगं काही नव्हतं.

विनता उठली नाही. तो शेजारी बसला. मध्यंतरापर्यंत दोघांनी उकडलेल्या मटारच्या शेंगा एकाच पुड्यातून खाल्ल्या होत्या.

विनताची नोकरी त्याहून मजेची होती. सदर बाजारातून निघणाऱ्या एका हिंदी साप्ताहिकात ती प्रुफं तपासायची, आणि 'झरोखा' या रकान्यात 'झरोखेवाली' या नावाने सिनेमातल्या भानगडी लिहायची. चेरीताल मोहल्ल्यातल्या घरी कारखान्यातून दमून आलेले तिचे बाबा, मोतीराम, तो मजकूर मिटक्या मारत मोठ्याने वाचत आणि म्हणत, "ही बाई नक्की मुंबईची असेल!" विनता मान खाली घालून पोळ्या लाटत राही. मुंबई तिने पाहिली नव्हती.

संपादक दयारामजींचा एकच कडक नियम होता. एकाच्या सांगण्यावरून काही छापायचं नाही. दुसऱ्या कोणीतरी दुजोरा दिला, की बातमीच्या चिठ्ठीवर लाल पेन्सिलीने 'पक्की' लिहायचं, मगच ती छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याकडे जायची. "अफवा बाजारातही मिळते, बेटी," ते म्हणत. "आपल्याकडे लोक खबर वाचायला येतात."

रत्नाकरकडे खबरा भरपूर होत्या. कोणत्या नायिकेचा कुत्रा विमानाने जातो, कोणता नायक विगाशिवाय आरशापुढेही जात नाही… विनता लिहून घ्यायची आणि दुजोऱ्यासाठी मुंबईच्या ओळखीच्या बातमीदाराला पत्र टाकायची. या निमित्ताने आठ दिवसांत ती तो रद्दी पिक्चर पाच वेळा पाहून आली. निमित्त बातम्यांचं होतं. बाकी तिचं तिलाच ठाऊक.

"तुम्ही लग्न नाही केलं काहून?" एकदा तिने अंधाराचा फायदा घेऊन विचारलं.

"पेटीशीच झालं आहे ना. दर शुक्रवारी नवीन सासर."

ती खूप हसली. पुढच्या रांगेतून कोणीतरी "दीदी, चुप!" म्हणालं, तेव्हा कुठे थांबली.

सोमवारी मात्र त्याने सांगितलं, "या गुरुवारी उतरवून राहिले पिक्चर. मग बिलासपूर. तिथून कुठे, ते कंपनी जाणे."

"अच्छा," विनता म्हणाली. हातातल्या पुड्याची तिने घडी घातली.

त्या दिवशी छापखान्यात बसून तिने आयुष्यातली पहिली खोटी बातमी लिहिली. शहरात चालू असलेल्या पिक्चरमध्ये, मध्यंतरानंतरच्या गाण्यात, नायिकेच्या डाव्या हाताकडे नीट पाहा! तिथली अंगठी खरी आहे, नायकाने सेटवर गुपचूप घातलेली. मग तिने लाल पेन्सिल उचलली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'पक्की'.

मंगळवारी अंक निघाला. बुधवारी शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या अधारतालहून बायका रिक्षा भरभरून आल्या. शेजारच्या पार्वताबाई दोनदा जाऊन आल्या आणि सांगू लागल्या, "दिसली गं बाई, चांगली हिऱ्याची आहे!" पिक्चर उतरला नाही. शुक्रवारपासूनचे शोही हाऊसफुल्ल गेले, आणि विनता त्या दिवसांत उगाचच आईशी फार गोड वागली.

दुसऱ्या सोमवारी रत्नाकरने तिला सदर बाजारात खव्याच्या जिलेबीच्या दुकानी गाठलं.

"अंगठीची बातमी मी तर दिली नव्हती."

"माझी… दुसरी माणसं आहेत ना."

"दुजोरा कोणाचा?"

विनता जिलेबी मोडू लागली.

"त्या गाण्यात तिचा डावा हात शालीत आहे," तो शांतपणे म्हणाला. "पूर्ण गाणंभर. साठ वेळा पाहिलं मी. लोकांना दिसून राहिली ती गोष्ट वेगळी. पण तुम्ही पाच वेळा पाहिला पिक्चर. तुम्हाला शाल दिसली नाही?"

खोटं बोलायची ताकद एका बातमीतच संपली होती.

"मी पडद्याकडे पाहत नव्हते," ती म्हणाली.

रत्नाकरने पुढ्यातली जिलेबी बाजूला सारली. एवढंच म्हणाला, "गुरुवारी जातो. दुपारच्या गाडीने," आणि उठला. त्याची जिलेबी तशीच राहिली.

तो रागावला, असं विनताला वाटलं. बातमीवर पोट असलेल्या माणसाला खोटी बातमी कशी आवडेल? तिला फार वाईट वाटलं, आणि स्वतःची लाजही. ती तडक दयारामजींपुढे जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. का लिहिलं, तेवढं सोडून.

दयारामजींनी चष्मा काढून पुसला. "माफी छापेंगे. तुम्हारे ही शब्दों में. उसके बाद झरोखा बंद." मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून म्हणाले, "प्रूफ देखती रहो."

गुरुवारी दुपारी ती माफीचं प्रूफ घेऊन स्टेशनवर गेली. डबा सापडायला वेळ लागला. रत्नाकर खिडकीशी बसला होता, पायाशी फिल्मची पेटी. तिने कागद आत दिला. त्याने तो दोनदा वाचला. 'अंगठी झरोखेवालीच्या मनातली होती. वाचकांनी क्षमा करावी. आजपासून झरोखा बंद.'

"झरोखा गेला तुमचा," तो म्हणाला. "माझ्यासाठी."

"तुम्ही रागावला होता ना?"

"रागावलो नाही जी. मला बोलायलाच सुचलं नाही. लॉजवर जाऊन सुचलं, पण तिथे ऐकायला कोणी नव्हतं." त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. "एक शेवटची बातमी आहे. घ्या लिहून."

तिने सवयीने पिशवीतून चिठ्ठी आणि पेन्सिल काढली.

"अमरावतीच्या एका कंपनीचा प्रतिनिधी," तो भराभर सांगू लागला, कारण सिग्नल पडला होता, "फिरतीची नोकरी सोडून ऑफिसात बदली मागून राहिला. पुढच्या महिन्यात आईला घेऊन चेरीतालला येणार. मोतीराम गजभियेंच्या घरी… मुलगी मागायला."

पेन्सिल थांबली.

"ही तर एकाच माणसाची बातमी झाली," विनता म्हणाली.

"म्हणून तर तुमच्याकडे आणली."

गाडीने धक्का दिला. विनता चार पावलं खिडकीबरोबर चालली, मग चिठ्ठी डब्याच्या पत्र्यावर टेकवून तिने पिशवीतली लाल पेन्सिल काढली, घाईघाईत एक शब्द लिहिला आणि चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली.

रत्नाकरने वाचलं. 'पक्की'.

"या वेळी खरी ना?" तो खिडकीतून ओरडला.

"या वेळी पाहून लिहिली!" तीही ओरडली. फलाटावरचे हमाल वळून पाहू लागले, आणि विनताने त्यांना पाहू दिलं.