सगळ्यांनाच सुचलेलं नाव

ते नाव मी इथे सांगणार नाही. सांगितलं, तर वाचणाऱ्यांतल्या निम्म्याजणी मान वर करून "काय?" म्हणतील, उरलेल्या "आमच्या भाचीचंसुद्धा!" म्हणून मध्येच बोलू लागतील, आणि गोष्ट राहील बाजूला. एवढंच सांगतो, की त्या वर्षी जन्मलेल्या मुलींना दुसरं नाव ठेवायला बंदी होती की काय असं वाटावं, इतकं ते बोकाळलं होतं. बाळांच्या दवाखान्यातल्या सिस्टरने एकदा दारात उभं राहून ते जरा मोठ्याने पुकारलं, तर बसायच्या खोलीतल्या चार आया उठल्याच, शिवाय रस्त्याने चाललेल्या दोन बायका आत आल्या. त्यांतली एक तर घाईघाईत लस टोचून घेऊन गेली. आडनाव लावून पुकारण्याचाही काही उपयोग नव्हता, कारण आडनाव ऐकायला थांबतंय कोण?

तर त्या सकाळीही सिस्टरने दार अर्धं उघडून तेच नाव पुकारलं. दोन आया उठल्या. आणि तिसरा उठला, तो बाहीला मैदा लागलेला, छातीशी दुपट्यातलं बाळ धरलेला एक तरुण. आया आपसात 'तुमचं की आमचं' करत राहिल्या, तेवढ्यात हा सरळ आत येऊन टेबलाजवळ उभा राहिला. अंगाला व्हॅनिलाचा वास. स्पिरिटच्या वासाची सवय झालेल्या त्या खोलीने क्षणभर श्वास रोखला.

"बाळाचं नाव?" सिस्टरने विचारलं.

"अजून ठेवलं नाहीये."

"मग उठलात कशाला?"

तो गोंधळला. "घरी... त्याच नावाने हाक मारतो ना. म्हणजे मी नाही, माझी ताई. बाळाची आई. ती बाहेर बसलीये. सुई बघितली की तिला चक्कर येते."

"आणि तुम्हाला?"

"मला अजून बघायचीये," तो म्हणाला. पण तो सुईकडे बघत नव्हता.

सिस्टरने मान खाली घातली आणि नसलेले कापसाचे बोळे आवरायला लागली. "तुमचा नंबर अजून दोघींनंतर आहे," ती म्हणाली. "आणि टोपडं उलटं घातलंय."

"तरीच म्हटलं, बाळ माझ्याकडे असं का बघतंय..."

असा तो आला. त्याचं केकचं दुकान होतं, म्हणून दवाखान्यात त्याला केकवाला म्हणू लागले. आणि तो येतच राहिला. बाळ नीट दूध पितं ना, म्हणून वजन करायला. मग मागचं वजन बरोबर होतं ना, म्हणून पुन्हा वजन करायला. त्या बाळाचं इतक्यांदा वजन झालं, की शेवटी काटा तिला दारात बघूनच आकडा दाखवू लागला. तीसुद्धा बिचारी मामाच्या प्रेमप्रकरणापायी काट्यावर निमूट पडून राहायची.

वजन व्हायला लागतो क्षणभर वेळ. उरलेल्या वेळात केकवाला बोलायचा. आणि बोलायचा कशाबद्दल? त्या नावाबद्दल!

"सिस्टर, तुम्हीच सांगा. एखाद्या नावाने किती छळावं? पहिल्या वाढदिवसाचा केक म्हटला की तेच नाव. आता तर माझा हात मला न विचारताच ते लिहितो. परवा एका आजोबांच्या पंचाहत्तरीच्या केकवर लिहून बसलो."

"मग? आजोबा चिडले?"

"नाही हो. म्हणाले, हिला मी पन्नास वर्षांपूर्वी विसरलो होतो, तुम्हाला कोणी सांगितलं? आजीबाई तेव्हापासून त्यांच्याशी बोलत नाहीयेत."

सिस्टर हसली. हसता हसता मध्येच थांबली.

"बटाट्यासारखं झालंय ते नाव," केकवाला रंगात आला होता. "कशातही असतंच. ताईला म्हटलं, पोरीला काहीतरी तिचं स्वतःचं दे. हे कसलं, बसच्या तिकिटासारखं? ज्याला त्याला तेच!... बरं, तुमचं नाव काय? इतके दिवस सिस्टरच म्हणतोय."

"सिस्टरच म्हणा," ती म्हणाली आणि बाळाला काट्यावरून उचललं. "पाय गार आहेत हिचे. मोजे घाला."

आता तुमच्या लक्षात आलंच असेल. हो, तिचंही तेच नाव होतं.

ते काही त्या वर्षीच उगवलेलं नव्हतं. तिच्या जन्माच्या वेळीही त्याची एक लाट येऊन गेली होती. मधे ओसरली, आणि आता दुप्पट जोराने परतली होती. ती दवाखान्यात लागली, तेव्हा डॉक्टरीणबाई आतून तिला नावाने हाक मारायच्या आणि बाहेरच्या आया बाळं सावरत आत धावायच्या. तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी हात टेकले. "आजपासून तू फक्त सिस्टर. नाहीतर मी दवाखाना बंद करते." तेव्हापासून तिचं नाव दिवसभर तिच्याच तोंडात असे, पण दुसऱ्यांसाठी.

तिला त्याचं वाईट वाटलं नव्हतं. सवय होती. शाळेत तिच्या वर्गात त्या नावाच्या चौघी होत्या. गोरी, उंच, हुशार आणि 'ती दुसरी'. ती दुसरी म्हणजे ही. कॉलेजात एकदा जिन्यावर कोणीतरी मागून फार गोड हाक मारली. ती वळली. तो मुलगा म्हणाला, "तू नाही गं." बस्स, एवढंच. पण त्यानंतर तिने वळणंच सोडून दिलं होतं.

आणि आता हा एक आला होता, जो तिच्याकडेच बघून बोलत होता. नावावाचून! ती रोज आरशासमोर ठरवायची, आज सांगून टाकायचं. रोज दवाखान्याच्या पायरीवर तो बेत मोडायचा. सांगितलं, की त्याच्या चेहऱ्यावर काय दिसेल? बटाटा? बसचं तिकीट? आणि जितके दिवस जात होते तितकं सांगणं अवघड होत होतं, कारण आता नुसतं नाव सांगायचं नव्हतं, इतके दिवस लपवलं हेही सांगायचं होतं.

डॉक्टरीणबाईंच्या नजरेतून काय सुटतंय? "त्या केकवाल्याला सांग," त्या एकदा चष्मा पुसत म्हणाल्या, "बाळ ठणठणीत आहे. आता यायचं तर स्वतः आजारी पडून ये म्हणावं."

"काहीतरीच काय, डॉक्टर!"

"आणि तू जी लाल होतेस, ते काही औषधाने बरं होणारं नाही."

मग तो दिवस उजाडला. पुढच्या लसीला केकवाल्याबरोबर त्याची ताईही आत आली. डोळ्यांखाली काळं, केस कसेबसे बांधलेले. येऊन खुर्चीत बसली ती थेट म्हणाली, "सिस्टर, मला एक खरं सांगाल? तुम्ही दिवसभर पोरींना हाका मारता. हे नाव फार झालंय का हो?"

सिस्टरच्या हातातली कापसाची डबी टेबलावर जरा जोरात टेकली.

"हिचे बाबा जहाजावर असतात," ताई सांगत होती. "मला दिवस गेले तेव्हापासून फोनवरून पोटाला याच नावाने हाक मारायचे. त्यांची बाळाशी ओळखच त्या नावाने आहे. आणि मला तर वाटत होतं, हे नाव मलाच सुचलंय! आता बागेत जावं तर तेच, दुकानात जावं तर तेच. काल शेजारणीने मांजरीला ठेवलं. माझी झोप उडालीये हो. उद्या ही शाळेत जाईल, बाई हाक मारतील, सात जणी उभ्या राहतील, आणि माझी पोर मागे कुठेतरी... हा तर रोज कान खातो, बदल म्हणून."

"खातोच," केकवाला म्हणाला. "सांगा सिस्टर. तुमचं ऐकेल ती."

त्याने अशा विश्वासाने बघितलं, की सिस्टरला पळून जावंसं वाटलं. किती सोपं होतं! 'हो ताई, फारच झालंय' एवढं म्हणायचं. ताई दुसरं नाव ठेवेल, हा खूश होईल, आणि उद्या समजा... समजा उद्या कधी त्या घरात जायची वेळ आलीच, तर तिथे तिच्या नावाची जागा रिकामी असेल. कुठेतरी समुद्रावर एक माणूस फोनवर नवं नाव अडखळत शिकेल. त्याला कोण बघायला जातंय?

ती म्हणाली, "इथे फार वाटतं, ताई. इथे सगळी एकाच वर्षाची बाळं येतात. त्या वर्षी जे सगळ्यांना आवडलं, ते सगळं इथे एका खोलीत गोळा होतं. आणि प्रत्येक आईला वाटतं, मलाच सुचलं. तुम्हाला सारखं ऐकू येतं, कारण तुमचे कान सारखे तेच शोधतायत."

"पण शाळेत?"

"शाळेत असतील दोघी-तिघी. कधी वाईट वाटेल तिला. खोटं कशाला सांगू? कोणी हाक मारली की आधी वाटतं, आपल्याला नसेल. दुसऱ्याच कोणाला असेल. पण घरी आल्यावर जिन्यातून हाक आली, की ती आपलीच असते. तिथे दुसरी कोणी नसते. माझी आई नुसती पहिलं अक्षर लांबवायची, तरी मला कळायचं की आज मार आहे की लाड."

"तुमची आई?" ताई म्हणाली. "म्हणजे..."

"माझंही तेच नाव आहे," सिस्टर म्हणाली. तिने केकवाल्याकडे बघितलं नाही. बघायचं धाडसच नव्हतं.

"अगं बाई!" ताईच्या तोंडून निघालं. "म्हणजे घरात दोघी..." आणि तिने जीभ चावली.

केकवाला आधी लाल झाला, मग पांढरा, मग पुन्हा लाल. आणि तेवढ्यात बाळाला सुई टोचली गेली, ती सगळी खोली डोक्यावर घेऊन रडली, ताईला चक्कर आली, तिला पाणी द्या, बाळाला घ्या, या गडबडीत तो जो गेला तो गेला. साधं 'येतो'सुद्धा न म्हणता.

दुसऱ्या दिवशी आला नाही. त्या आठवड्यात आला नाही. वजनकाटा नुसता बसून होता. दारावर चाहूल लागली की सिस्टर मान वर करायची, आणि दार उघडून आत यायचं भलतंच कोणी. 'घरात दोघी' हे ताई नक्की काय म्हणाली? हसून म्हणाली की घाबरून? म्हणजे घरी बोलणं झालं होतं! आणि आता ते मोडलं असणार. एका नावापायी. रात्री कूस बदलून बदलून तिची उशी दमली. तरी एक गोष्ट तिला बोचत नव्हती, ती म्हणजे जे सांगितलं ते. ते खरं होतं.

मग एका वाऱ्याच्या सकाळी ताई आली. एकटीच.

"नाव ठेवलं हो सिस्टर," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "तेच! हिच्या बाबांना फोनवर सांगितलं तर गाढवासारखे रडले."

"छान," सिस्टर म्हणाली. तिला खरंच बरं वाटलं, तरी नजर दाराकडेच गेली.

"आणि आमचा हा गाढव भाऊ काय म्हणाला विचारा ना. इतके दिवस 'बदल, बदल' करत होता. त्या दिवशी इथून घरी गेला, जेवला नाही, आणि संध्याकाळी म्हणतो, ताई, याच्याइतकं चांगलं नाव दुसरं नाही. परवा साखर न घालताच केक विकला. लोक परत करायला आले, तर त्यांनाही म्हणाला, काय सुंदर नाव आहे!"

"मग... ते का नाही आले?"

"आलाय की. बाहेर गाडी धरून उभा आहे. केव्हाचा. आत ये म्हटलं तर म्हणतो, मला त्या बाई सुई टोचतील. टोचा हो एक, माझ्याकडून!"

आतून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "मी बघते इथलं. जा."

बाहेर पायरीच्या खाली केकवाला बाळाची गाडी धरून उभा होता. वाऱ्याने केस विस्कटलेले. ती समोर आली तसा तो गाडीच्या छत्रीशी उगाच खेळू लागला.

"मी त्या नावाला काय काय बोललो..." तो म्हणाला.

"सगळं लक्षात आहे. बटाटा. बसचं तिकीट."

"नावाला बोललो हो. तुम्हाला नाही."

"माझ्याकडे दुसरं नाहीये."

प्रथमच त्याने नीट वर बघितलं. "मला दुसरं नकोय," तो म्हणाला. "मला वाटलं, आता तुम्ही तोंडही बघणार नाही. रोज कोपऱ्यापर्यंत यायचो आणि परत जायचो. तुम्ही खरं बोललात सगळ्यांसमोर... आणि मी पळालो. त्याची लाज वाटत होती."

"मलाही वाटत होती. लपवलं त्याची."

दोघंही मग बाळाकडे बघू लागले. बाळ जांभई देत होतं.

"पण घरात दोघी झाल्या तर गोंधळच की," सिस्टर म्हणाली, आणि आपण काय बोललो ते कळून तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

केकवाल्याच्या चेहऱ्यावर मात्र उजेड पडला. "कसला गोंधळ? मी हाक मारीन. जी येईल ती येईल."

"दोघी आल्या तर?"

"एकीला कडेवर घेईन."

"आणि दुसरी?"

"दुसरी..." आता त्याचा आवाज खाली आला. "दुसरीला कसं उचलणार? तिला विचारावं लागेल."

गाडीच्या दांड्यावर त्याच्या हाताशेजारी थोडी जागा होती. सिस्टरने तिथे आपला हात ठेवला.

"विचारा मग," ती म्हणाली.