मास्तर आणि सहा फूट एक इंच

पहिल्याच सकाळी मी जिममधल्या पुल-अपच्या दांड्यावर कपाळ आपटून घेतलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि खालून आवाज आला — "दांड्याला लागलं नाही ना फार?"

माझ्या हनुवटीएवढा एक माणूस हसत उभा होता. सगळे त्याला मास्तर म्हणत. शाळेत गणित शिकवायचा.

मी सहा फूट एक इंच. दिवसभर घरांचे नकाशे काढते आणि लहानपणापासून पोक काढून चालते. पाठ धरली, तेव्हा डॉक्टरांनी इथे धाडलं. पण जमिनीवरून बार उचलताना कंबर ठणकायची. एक दिवस मास्तरने न विचारताच वजनांच्या चकत्यांखाली दोन लाकडी ठोकळे सरकवले.

"पाय लांब आहेत तुमचे. बार जरा वर हवा. उचला आता."

उचलला. कंबर गप्प!

"गणित," तो म्हणाला.

"आगाऊपणा," मी म्हणाले.

मग रोजचंच झालं. "नजर समोर," तो सांगायचा. समोर आरसा, आणि आरशात तोच! बघायचं तरी कुठे?

"व्यायामाला जाताना काजळ कशाला गं?" वहिनीने विचारलं. मी घाईने चपला घातल्या. मास्तर सगळ्यांशीच असा वागतो, की फक्त माझ्याशी... जाऊ दे.

दोन महिन्यांनी तो एका उंचपुऱ्या माणसाला घेऊन आला. "माझा मित्र. सहा फूट चार. शोभाल तुम्ही एकमेकांना."

बिचारा मित्र कानापर्यंत लाल झाला. मी पिशवी उचलली आणि निघाले. राग आला होता की रडू, तेही कळत नव्हतं. त्याने सुचवलं म्हणून इतकं का लागावं मला?

तीन दिवस मी जिमला गेले नाही. चौथ्या दिवशी गेले, ते भांडायलाच.

"माझं लग्न जमवायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

तो हातातल्या चकतीकडे बघत राहिला. "तुम्ही पाठ सरळ करायला आलात. बार उचलताना ताठ असता. पण माझ्याशी बोलायला आलात, की... वाकता. रोज बघतो मी. मला ते बघवत नाही."

त्या क्षणीही मी वाकलेलीच होते.

"म्हणून मित्र?"

"म्हणून मित्र." मग अगदी हळू — "मूर्खपणा होता. तो 'हो' म्हणेल या भीतीने रात्रभर झोपलो नव्हतो."

मी खांदे मागे घेतले, मान वर केली. एवढी ताठ मी कुणाहीसमोर उभी राहिले नव्हते. त्याला पार वर बघावं लागलं.

"असं चालेल?" मी विचारलं. "मान दुखेल हं तुझी."

'तू' कधी निसटलं, मलाच कळलं नाही.

"दुखू दे," तो म्हणाला. त्याने नजर मात्र खाली घेतली नाही.