सुंदराबाईंच्या कार्यक्रमातली खुर्ची

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर सोडून द्या. कोणाची समजूत घालत बसायला वेळ नाही.

घडलं घणसोलीत. गेल्या फेब्रुवारीत, भर सकाळी, सोसायटीच्या हॉलमध्ये. तेही भूतबित न मानणाऱ्या बौद्ध घरात.

संघप्रियाच्या आजीच्या, म्हणजे सुंदराबाईंच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम होता. कामगारांची पोरं शिकवण्यात बाईंचा जन्म गेला. पोर शाळेत आलं नाही की त्या थेट घरी जात आणि बापालाच फैलावर घेत. रिटायर झाल्यावर घराच्या खालच्या खोलीत फुकट वर्ग चालवला.

शेवटच्या दिवशी दवाखान्यात त्यांनी नातीचा हात धरला होता.

"वर्ग बंद पडू देऊ नको."

हे फक्त संघप्रियानं ऐकलं होतं.

भन्तेजी वंदना घेऊन गेले आणि भाषणांना ऊत आला. फ्लेक्सवर आजीचा फोटो तळहाताएवढा, 'शोकाकुल' मंडळींची हसरी तोंडं परातीएवढी. आजारपणात एकदाही न फिरकलेली आत्या डोळ्यांना पदर लावून बसली होती. डोळे ठणठणीत कोरडे. संघप्रियाला किळस आली.

मग अभयकाका माइकवर आला.

"आईची शेवटची इच्छा होती," तो गहिवरून म्हणाला, "की खालची खोली जिमला द्यावी. तरुणांची तब्येत सुधारावी."

मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे असतात, हे ऐकून होतो. माइक धरून खाणारा हा पहिलाच!

पहिल्या रांगेतली संघप्रिया नाक मुरडून, हाताची घडी घालून बसून राहिली. पालथ्या घड्यावर पाणी कोण ओतणार?

तेवढ्यात मागे एक खुर्ची सरकली.

मग दुसरी...

मग सगळ्याच.

बाईंचे जुने विद्यार्थी, चाळिशी-पन्नाशीची माणसं, ताडकन उभी राहिली होती. हात बाजूला. माना खाली. त्यांचं बघून आत्यासकट बाकीचेही उठले.

कोणी खोकलंसुद्धा नाही. कोणाच्या तरी कडेवर रडणारं मूल... एकदम गप्प झालं.

काकाला घाम फुटला. "खोलीचं... नंतर बघू," असं पुटपुटत तो खाली उतरला.

थोड्या वेळानं सगळे एकदम बसले. 'बसा' असं कोणी म्हटलं नव्हतं.

जेवणाच्या वेळी संघप्रियानं शिवाला गाठलं. शिवा बाईंचा जुना विद्यार्थी, आता पावणे एमआयडीसीतल्या कारखान्यात कामाला.

"मस्त केलंत, शिवादादा. काकाची बोलतीच बंद. आधीच ठरवलेलं का?"

शिवानं हातातला घास खाली ठेवला.

"काय ठरवायचं? बाई आल्या म्हनून उठलो."

ती हसली. "काहीही! दिसल्या का?"

"मान वर कोन करनार? पन चपला वाजल्या ना. दारातून आल्या... सरळ पुढं गेल्या."

"काकाकडे?"

"नाय गं. त्याच्याकडं गेल्याच नाय." शिवानं आवाज बारीक केला. "तुज्या खुर्चीशी थांबल्या. लय वेळ. तू एकटीच बसून होतीस ना..."



बाईंच्या आजारपणात खालच्या खोलीला लागलेलं कुलूप अजून निघालेलं नाही. काकाशी बोलायचं, असं संघप्रिया रोज ठरवते, आणि उद्यावर ढकलते.

पण हल्ली तिला कुठेच फार वेळ बसवत नाही.