बाबाचा लांब रंधा

तो पह्यल्यांदा आला तो तुटकी खुर्ची घेऊन. बेसा रोडवरच्या आमच्या दुकानात मी फळी रंधून राहिली होती. खुर्ची टेकवली अन् पाहतच राहिला...

"काय पाहून राहिले? पोरीनं रंधा मारलेला नाई पाह्यला कधी?"

"रंधा... रंधाच पाहून राहिलो," म्हणे. कान लालभडक!

आयुष त्याचं नाव. मनीषनगरात राहे, स्पॅनिश शिके.

"लांब रंध्याले स्पेनात गार्लोपा म्हणतात. तिथंच गॅलिसिया मुलूख आहे, भाषा वेगळी — पण शब्द तोच. मूळचा हॉलंडचा, फ्रान्समधून फिरत फिरत तिथं पोचला. अर्थ — पुढं पळणारा."

"पळणारा? मंग त्याचा भरोसा नाई, बाप्पा!"

हसला... अन् खुर्ची नीट झाल्यावरही येतच राहिला.

एक दिवस म्हणे, स्पॅनिश शिकवणाऱ्या गॅलिसियाच्या मॅडमले घरून व्हिडिओ फोनवर लांब रंधा दाखवाचा आहे. बाबा खापरखेड्याले दारं बसवाले गेले होते. त्याईचा लांब रंधा — आजोबाच्या वेळचा, शिसमाचा. कोणाले हात लावू देत नाई. मी दिला. देताना बोटाले बोट लागलं... अन् माही अक्कल गेली.

"दुपारी आणून देतो."

दुपार गेली. ऊन कललं. त्याचा फोन बंद. पळणारा... पळणारा... तेच डोक्यात घुमे. तेवढ्यात बाबाचा फोन, "बसमधून उतरलो वं."

मी घाबरली. पण बाबाच्या बोलण्याचं भेव नव्हतं ते. रंधा आला अन् तो नाई आला तर?

बाहेर धावली — तर समोरच्या निंबाच्या आडोशाले तो! रंधा मांडीवर, लेकरासारखा.

"कवाचे बसले इथं?"

"दुपारपासून. हातून पडला... मूठ तुटली. भेवानं फोन बंद केला."

"बाबाचं भेव?"

"तुझं." पह्यल्यांदाच 'तू' म्हणाला. "आता येऊ नको म्हणशील, म्हणून."

मागून बाबाचा खोकला आला.

आयुष थरथरत उठला. "काका, मी तोडला. तिचा दोष नाई."

"मीच दिला, बाबा," मी म्हटलं. "पुन्हा मागितला तरी देईन."

बाबानं रंधा उलटापालटा पाह्यला.

"मूठ तर मीच दोनदा बदलली. तू काहून कापून राहिला गा? उद्या ये, नवी मूठ घासून बसव."

"मले येत नाई, काका."

"मंग माही पोर शिकवन. एका खुर्चीसाठी तू इतके दिवस येऊन राहिला... मले दिसत नाई का?"

अन् मुद्दाम शटर वाजवत आत गेले.

मी हात पुढं केले. त्यानं धरले — अन् सोडले नाईत.