गोड्या पाण्याची कळशी

जयगडच्या खाडीला लागूनच रावजी तांडेलांचं घर. दिवस कलला की धक्क्यावर गोड्या पाण्याची एक कळशी ठेवायची, ही त्यांची रीत. गुडघे कुरकुरायला लागल्यापासून ते काम सुनेकडे आलं होतं.

"रोज कोणासाठी ओ ही, मामंजी?" शमिकानं लग्नानंतर विचारलं होतं.

पतेमारीसाठी, ते म्हणाले. शिडाचं, मालाचं तारू. कौलं घेऊन बसऱ्याला जाई, खजूर घेऊन परते. पण मूळची ती पत्रं पोचवणारी, नाव त्यावरूनच पडलं. माल चढला तरी रीत राहिली: कोणाचा निरोप नाकारायचा नाही. काठावरच्यांनी त्याबदली गोडं पाणी द्यायचं. रावजी सहा वर्षांचे असताना बाप पतेमारीवर गेला. ना तो आला, ना निरोप.

शेजारची विमलाकाकू हसायची, "ठेव गो, पाहुणे तहानेले असतील."

यंदा वैशाखात विहीर आटली. टँकरचं पाणी जपायचं म्हणून शमिका गुपचूप बोअरचं मचूळ पाणी कळशीत भरू लागली. पितंय कोण?

मग तिच्या नवऱ्याची, निलेशची लाँच परतायचा दिवस उलटला. दुसराही उलटला. फोन लागेना. बंदरावरची माणसं तिची नजर चुकवू लागली. तिसऱ्या संध्याकाळी तिनं पिंपातलं उरलंसुरलं गोडं पाणी कळशीत ओतलं, धक्क्यावर ठेवलं आणि नुसते हात जोडले.

सकाळी कळशी रिकामी होती. धुऊन पालथी घातलेली.

दुपारी भरतीबरोबर लाँच आत आली. चौघंही धडधाकट. इंजिन बंद पडलेलं, निलेश सांगू लागला. पहाटे शिडाच्या तारवानं दोर टाकला, खाडीच्या तोंडाशी आणून सोडलं. वळून बघतो तर पाणी सपाट.

त्यानं खिशातून मूठभर खजूर काढले.

"त्या तारवावरच्या एकानं हे घरच्या पोरासाठी दिले. म्हटलं, आमच्यात पोर नाही. तर म्हणाला, रावजी आहे ना. सहाचा झाला असेल."

रावजींनी एक खजूर तोंडात ठेवला. डोळे मिटले.

"पोचला निरोप," ते म्हणाले.

शमिका खाडीकडे वळून वाकली. उपकार कोणाचे मानायचे, तिला नाव ठाऊक नव्हतं.

"तुलाही निरोप आहे," मागून निलेश म्हणाला.

"मला?"

"कालचं पाणी गोड होतं म्हणे."

बोअरच्या पाण्याचं तिनं कोणालाच सांगितलं नव्हतं.