फुगा फुटल्यानंतर

फुगा फुटला आणि त्याच क्षणी कोणीतरी जोरात किंचाळलं.

घुमटने हेडफोन काढून कठड्यावरून खाली पाहिलं. जिन्याच्या वळणावर एक मुलगी पायरीवर बसली होती, एक हात छातीवर. दुसऱ्या हातातला खोका उलटा झाला होता आणि चष्म्याच्या वीस-पंचवीस फ्रेमा अजूनही पायऱ्या उतरत होत्या... टक्, टक्, टक्.

"वाढदिवस आहे का कोणाचा?" तिने विचारलं.

"नाही. रेकॉर्डिंग करतोय."

"कशाचं?"

"जिन्याचं."

तिने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. "बरं वाटतंय ना तुम्हाला?"

घुमट धावत खाली गेला. फ्रेमा वेचता वेचता त्याने एका दमात सांगून टाकलं — फुगा फुटला की जिना त्याला उत्तर देतो, आवाज वरपर्यंत जातो, भिंतींना आपटतो, विरत जातो. ते उत्तर पकडून कॉम्प्युटरमध्ये घातलं की कुठेही गायलेलं गाणं या जिन्यात गायल्यासारखं ऐकू येतं.

"आणि आत्ता काय पकडलं?"

त्याने हेडफोन तिच्या कानांवर ठेवले. आधी फाट्! आणि मागोमाग तिची किंचाळी, चार मजले चढत गेलेली.

"ई! पुसून टाका ती."

"पुसली तर जिना पण जाईल. दोन्ही एकमेकांत मिसळलंय."

"मग ठेवा," ती खोका काखेत मारत म्हणाली. "माझ्याकडून भेट, फुगेवाले."

आणि ती वर निघाली, गुणगुणत. तिसऱ्या पायरीला घुमटच्या डोक्यात प्रकाश पडला. अरे, ही ती!

दुसऱ्या मजल्यावर मामाच्या गाद्यांच्या दुकानाचं गोदाम होतं. त्यातल्याच एका खोलीत, चारही भिंतींना गाद्या टेकवून, घुमटने आपला स्टुडिओ थाटला होता. शिकला होता सगळं व्हिडिओ बघून. गायक असो की बासरी, तो प्रत्येक आवाजावर इतका रिव्हर्ब, म्हणजे घुमणारा पडसाद, ओतायचा, की मामाने त्याचं नावच घुमट पाडलं होतं. आणि महिनाभर रोज कोणीतरी गात गात जिना चढत होतं. गाद्यांमधून काही ऐकू यायचं नाही, म्हणून हा पठ्ठ्या दार उघडं ठेवून बसायचा. बाहेर डोकावायची हिंमत मात्र झाली नव्हती.

ती तळमजल्यावरच्या चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. माल चौथ्या मजल्यावर आणि लिफ्टचा पत्ता नाही. दिवसातून सहा फेऱ्या, म्हणजे सहा गाणी.

चार दिवसांनी तीच दारात उभी राहिली.

"फुगेवाले, माणसाचं रेकॉर्डिंग करता का? की फक्त जिन्यांचं?"

मुलांसाठी संगीत नाटकं करणारी एक कंपनी होती. तिला नवी गायिका हवी होती. गाणं शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवायचं आणि निवड झाली तर सहा महिने दौरा, गावोगाव.

"सहा महिने?" घुमटच्या तोंडून निघून गेलं.

"हो. सहा महिने मी चष्मे पुसणार नाही. विचार करा, केवढं सुख!"

ती गायली आणि घुमटने ते तिला ऐकवलं. तिचा चेहरा पार पडला.

"हा माझा आवाज? मी कपाटात बसून गातेय असं वाटतंय."

"गाद्या आहेत ना, सगळा आवाज पितात. थांबा, आत्ता ठीक करतो." त्याने कॉम्प्युटरवरच्या जागांच्या यादीतलं सगळ्यात मोठं सभागृह निवडलं आणि बटण पार टोकाला नेलं. तेवढ्यात मामा चहा घेऊन आत आला. क्षणभर ऐकत उभा राहिला.

"काय रे, पोरगी विहिरीत पडली का?"

ती फिसकन हसली.

"हसू नकोस, बाई. एक शब्द कळला असेल तर शपथ! इतका गोड गळा, आणि हा त्याच्यावर गाद्या रचतोय." कप ठेवून मामा निघून गेला.

घुमटने बटण पुन्हा शून्यावर आणलं. त्याला लागलं होतं, कारण ते खरं होतं. मग त्याने सगळं पुसून पहिल्यापासून सुरू केलं. तिचा कोरडा, काहीही न मिसळलेला आवाज तसाच ठेवला. रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर घेतला, त्यातला खालचा गढूळ घूं-घूं आवाज कापून काढला, आणि आवाजामागे हळूहळू, चिमूट चिमूट वाढवत नेला.

"आता बघ हं... बघा. आधी तुम्ही. मग अगदी छोटीशी फट. आणि मग खोली."

"फट कशाला?"

"फट नसली की खोली अंगावरच येऊन बसते. फट दिली की तुम्ही पुढे, ती मागे. शब्द आधी पोचतो."

"म्हणजे खोलीला जरा दम धरायला शिकवायचं."

"तेच."

"आणि 'बघ'च म्हण. चांगलं वाटलं." ती स्क्रीनकडे बघत म्हणाली, पण तिचे कान लाल झाले होते. "फक्त हे सभागृह नको रे. मला जिन्यातच गाता येतं."

जिना होता की त्याच्याकडे! पण त्यात किंचाळी होती. म्हणजे नवा फुगा फोडणं आलं.

गुरुवारी दुपारी, दुकानं जेवायला बंद झाल्यावर, घुमट एकटाच वळणावर जाऊन उभा राहिला. फुगा फुगवला आणि तसाच हातात धरून ठेवला. गाणं नीट झालं तर ती जाणार, हे काही त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ते विहिरीतलंच पाठवलं तर? कोणी निवडणार नाही. रोजच्या सहा फेऱ्या चालू राहतील. मनात आलं, खोटं कशाला सांगा, आलंच!

मग त्याने फुगा फोडला. आवाज वर गेला, फिरला, विरला. घुमट पायरीवर बसला, स्वतःशीच काहीबाही बोलला, नाक पुसलं, आणि उठून रेकॉर्डर बंद केला.

शुक्रवारी सकाळी त्याने गाणं तिच्या फोनवर पाठवलं. दुपारी दोनला ती जिना चढून आली. न गाता.

"ऐकलंस हे?"

"ऐकलं की. स्पीकरवर."

"इयरफोनवर ऐक. मी एक ओळ गाते आणि मागे सतरा माणसं पुटपुटतात."

त्याने ऐकलं. खरंच होतं. तिच्या प्रत्येक शब्दामागे काहीतरी कुजबुजत होतं. घुमटने जिन्याची फाईल उघडली. जिना दोन-तीन सेकंदांचा असायला हवा होता, ही फाईल चाळीस सेकंदांची होती. शेवट कापायचाच राहिला होता!

"नको, ते असू दे, मी —"

पण तिने बटण दाबलं होतं.

फाट्. जिना बोलला, विरला. आणि मग घुमटचा आवाज, नाक चोंदलेला: "झालं बाबा. आता गाणं चांगलं होणार आणि ही जाणार. बिघडवून टाक की, गाढवा... नाही. तसलं नको. पण ती गाते तेव्हा मी दार उघडं ठेवतो, एवढं तरी सांगायचं होतं. आवडते मला ती. बोललो. निदान जिन्याला तरी बोललो."

तिने ते पुन्हा एकदा ऐकलं. घुमट समोरच्या गादीवरची फुलं मोजत होता.

"म्हणजे सकाळपासून," ती हळूच म्हणाली, "माझ्या प्रत्येक शब्दामागे हे होतं?"

"...हो."

"कंपनीला काय वाटलं असतं रे!" ती हसायला लागली, आणि डोळेही पुसले. मग खुर्ची ओढून त्याच्या शेजारी बसली. "चल, आधी गाणं."

दोघांनी मिळून त्या फाईलचं शेपूट कापलं. तिचा आवाज पुढे उभा राहिला, साधा, किंचित खरखरीत, आणि मागे जिना, मान खाली घालून. पावणेसहाला गाणं गेलं.

दारात ती थांबली. "तुला उत्तर देणार आहे मी."

"कधी?"

"फट सोडलीय थोडी."

दहा दिवस! मामाने विचारलं, "जेवत का नाहीस रे, दात दुखतोय का?" ती रोज गात वर जायची, गात खाली यायची, उघड्या दारातून हात हलवायची, आणि बोलायची एक अक्षर नाही.

अकराव्या दिवशी कंपनीचा फोन आला. निवड झाली होती. सोमवारी निघायचं.

शनिवारी दुपारी तिने त्याला वळणावर बोलावलं. एका हातात लाल फुगा, दुसऱ्या हातात केसातली पिन.

"चालू केलंस?"

"केलं."

"मध्ये बोलायचं नाही हं."

फाट्! आवाज चार मजले चढला, परत आला, त्यांच्या भोवती फिरला आणि हळूहळू निवला. तिने वाट पाहिली. घुमटनेही.

"सहा महिने आहेत," ती म्हणाली, अगदी हळू आवाजात. "रोज फोन करायचा. पण गाद्यांमधून बाहेर येऊन कर, तुझा आवाज कपाटातून आल्यासारखा येतो. आणि... मलाही. पहिल्या दिवसापासून. म्हणजे, किंचाळून झाल्यावर."

घुमटने खाली पाहिलं. रेकॉर्डरवरचा लाल दिवा अजून चालूच होता.

"हे... शेवटचं कापू का?"

"कापून बघ," ती म्हणाली आणि त्याचा हात धरला. "जिना पण जाईल."